रिकाम्या प्रॉम्प्टची धग

मे महिन्यातली जळगावची दुपार. खिडकीतला कूलर चालू असूनही खोली ३६-३७ अंशांवर. टेबलावर लॅपटॉप, त्यावर डॉसबॉक्स, म्हणजे जुना डॉसचा संगणक आजच्या मशीनवर हुबेहूब वठवणारा एम्युलेटर, आणि डॉसबॉक्समध्ये टर्बो सी या जुन्या कंपायलरची ती निळी खिडकी. कुणी काही टाइप करत नाहीये, कर्सर तेवढा लुकलुकतोय. पंखा मात्र सुटल्यासारखा घोंघावतोय. टास्क मॅनेजर उघडला तर डॉसबॉक्ससमोर आकडा दिसतो २५ टक्के. बघणाऱ्याला वाटतं, पंचवीसच तर आहेत, पाऊण मशीन मोकळंच आहे.

तो आकडा फसवा आहे. चार कोअरच्या प्रोसेसरवर २५ टक्के म्हणजे एक कोअर, म्हणजे प्रोसेसरमधल्या चार कामकऱ्यांपैकी एक, काठोकाठ भरलेला. दोन कोअर असतील तर हीच गोष्ट ५० टक्के दिसते, आठ थ्रेड असतील तर साडेबारा. जुन्या संगणकाचा एम्युलेटर मुळात एकामागून एक सूचना चालवत जातो. पुढच्या सूचनेला मागचीचं उत्तर लागतं, म्हणून ते काम चार जणांत वाटता येत नाही. त्यात आजचा प्रोसेसर एकाच कोअरवर भार आला की त्या कोअरचा वेग आणि व्होल्टेज वर चढवतो. त्यामुळे २५ टक्क्यांतही चिपचा एक कोपरा भट्टीसारखा तापतो आणि पंखा त्या कोपऱ्याचं तापमान बघून धावतो. खरं चित्र बघायचं तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर आलेखावर उजवी क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगावं. लिनक्सवर टॉप चालू करून १ ची कळ दाबली की झालं.

आता मूळ प्रश्न. तीसेक वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम, जो तेव्हाच्या ३८६ प्रोसेसरवर सुखाने चालायचा, तो आजच्या प्रोसेसरचा एक अख्खा कोअर खातो कसा? तेही काहीच करत नसताना?

याचं उत्तर केळीच्या बागायतदाराला एका वाक्यात कळेल. शेतपंपाची लाईट रात्रपाळीला असते तेव्हा लाईट आली का हे कळायचे दोन मार्ग असतात. एक, दर पाच मिनिटांनी उठून डीपीकडे जाऊन बघायचं. दुसरा, खाटेजवळच्या बल्बचं बटण चालू ठेवून झोपायचं, लाईट आली की उजेडाने जाग येते. पंपाला ऑटो बसवला असेल तर तेवढंही नको. पहिल्या मार्गात रात्रभर पायपीट होते आणि हाती काहीच लागत नाही. जुने संगणक पहिल्या मार्गाने चालायचे. कळ दाबली का, नाही. दाबली का, नाही. दाबली का, नाही. सेकंदाला हजारो वेळा.

त्या काळी यात चूक काहीच नव्हती. बीबीसी मायक्रो किंवा कमोडोर ६४ मधल्या ६५०२ घराण्याच्या प्रोसेसरला 'थांब' म्हणायची अधिकृत सूचनाच नव्हती. आपल्याकडे १९८४ साली शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा क्लास प्रकल्प आला तेव्हा हेच बीबीसी मायक्रो आले होते, २ मेगाहर्ट्झचे. चालू केल्यापासून बंद करेपर्यंत त्यांचा प्रोसेसर एका सुरात पळायचा. काम असो नसो, वीज जवळजवळ तेवढीच लागायची. पीसीच्या ८०८८ मध्ये हॉल्ट नावाची थांबण्याची सूचना होती, पण डॉसच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञेची वाट पाहणाऱ्या ओळीवर, ती कुणी वापरली नाही. प्रॉम्प्ट कळफलकाला विचारत बसायचा आणि मधूनमधून इंटरप्ट २८ हा इशारा उडवून मेमरीत बसून राहिलेल्या इतर निवासी प्रोग्रॅमना सांगायचा की मी रिकामा आहे, कुणाला काही करायचं असेल तर करा. प्रोसेसरला विश्रांती द्यावी हा विचार बॅटरीवरचे संगणक आल्यावर सुरू झाला.

एम्युलेटर प्रामाणिक असतो. त्याला 'हा प्रोग्रॅम नुसता वाट पाहतोय' हे कळत नाही. त्याला फक्त सूचना दिसतात आणि दिसेल ती सूचना तो इमानाने वठवतो. मूळ यंत्राची एक सूचना वठवायला त्याला आपल्या प्रोसेसरच्या कितीतरी सूचना खर्चाव्या लागतात: सूचना वाचा, ती कोणती ते ओळखा, रजिस्टर बदला, निकालाच्या खुणांचे झेंडे (फ्लॅग) बदला, घड्याळ पुढे सरकवा. म्हणजे जुन्या काळची ती पायपीट आता अनेक पटींच्या खर्चाने पुन्हा घडते.

म्हणून एम्युलेटरने कोअर भरला की लगेच सेटिंगमध्ये हात घालू नये. आधी बघावं की हा खरंच राबतोय, की नुसती वाट पाहतोय, की गरज नसताना धावतोय. तिन्हीत टास्क मॅनेजरचा आकडा सारखाच दिसतो, पण इलाज वेगळे आहेत.

डॉसबॉक्सपुरतं बोलायचं तर बहुतेक वेळा तिसरी गोष्ट असते. डॉसबॉक्समध्ये सायकल्स म्हणून जो आकडा असतो तो मेगाहर्ट्झ नाही. दर मिलिसेकंदाला साधारण किती सूचना चालवायच्या, एवढाच त्याचा अर्थ. ३००० म्हणजे सेकंदाला ३० लाख सूचना. तेवढ्या चालवून झाल्या की डॉसबॉक्स उरलेला मिलिसेकंद झोपतो आणि आपला प्रोसेसर थंड राहतो. पण मूळ सेटिंग ऑटो असतं. ऑटोचा नियम असा, की प्रोग्रॅम रिअल मोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या मूळ जुन्या पद्धतीत, असेपर्यंत ३०००, आणि तो प्रोटेक्टेड मोड या नंतरच्या पद्धतीत गेला की मॅक्स. मॅक्स म्हणजे यजमानाच्या, म्हणजे आपल्या खऱ्या लॅपटॉपच्या, कोअरमध्ये जेवढा दम असेल तेवढा सगळा. एकदा मॅक्स लागलं की टर्बो सीची खिडकी रिकामी असली तरी 'कळ दाबली का' हा प्रश्न सेकंदाला हजारऐवजी लाखो वेळा विचारला जातो. प्रोग्रॅम त्याने तसूभरही जलद होत नाही, कारण वाट पाहणं जलद करता येत नाही.

चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये सोळा बिटांचे डॉस प्रोग्रॅम चालवायची सोय उरली नाही, म्हणून आपल्या कॉलेजांमध्ये टर्बो सी डॉसबॉक्समधूनच चालतं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या हद्दीत नंदुरबारपासून मुक्ताईनगरपर्यंत ज्या कुणाच्या लॅपटॉपवर ते असेल त्याने एवढं करून पाहावं. स्टार्ट मेनूमध्ये डॉसबॉक्सच्या शेजारीच त्याचं ऑप्शन्स असतं, त्यावर क्लिक केलं की कॉन्फिग फाइल नोटपॅडमध्ये उघडते. त्यात सीपीयूच्या विभागात सायकल्सची ओळ शोधायची, ऑटो किंवा मॅक्स खोडायचं आणि फिक्स्ड लिहून पुढे १२००० घालायचे. फाइल सेव्ह करून डॉसबॉक्स बंद करून पुन्हा उघडायचा. आकड्याचा अंदाज हवा असेल तर ३०० च्या आसपास पहिला पीसी, ६००० म्हणजे ३३ मेगाहर्ट्झचा ३८६, १२००० म्हणजे त्याच वेगाचा ४८६ आणि २५००० म्हणजे ६६ मेगाहर्ट्झचा ४८६. विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम कंपाइल करायला १२००० भरपूर झाले. कमी वाटलं तर चालू असतानाच कंट्रोल आणि एफ१२ ने वाढवावं, कंट्रोल आणि एफ११ ने कमी करावं. नवा आकडा खिडकीच्या शीर्षकातच दिसतो. या एका बदलाने भरलेला कोअर मोकळा होतो, हे बदल केल्या केल्या आलेखात दिसतं.

आवाजाबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. मिक्सरच्या विभागात नोसाउंड चालू केलं की भार उतरेल असं लोक सांगतात. उतरत नाही. त्याने फक्त आवाज बाहेर येणं बंद होतं, आतली साउंड कार्डाची नक्कल तशीच चालू राहते. त्या सेटिंगच्या वरच्या टिपणीत हे लिहिलेलंही आहे, पण वाचतो कोण? खरोखर बंद करायचं तर साउंड ब्लास्टरचा प्रकार नन करा, ओपीएल मोड नन करा, मिडी नन करा आणि पीसी स्पीकरला फॉल्स. गेम खेळायचा असेल तर अर्थातच हे करू नका.

वेग कमी ठेवण्याचं दुसरंही एक कारण आहे आणि ते मला भाराच्या कारणापेक्षाही मोलाचं वाटतं. जुने प्रोग्रॅम वेगाने बिघडतात. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला एखादा प्रोग्रॅम उघडताच 'रनटाइम एरर २००' म्हणून बंद पडतो आणि माणूस फाइल खराब झाली समजून ती पुसून टाकतो. फाइल धडधाकट असते. त्या पास्कलचं सीआरटी नावाचं युनिट सुरुवातीला एक रिकामी फेरी घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती वेळा फिरते ते मोजतं आणि त्या संख्येला ५५ ने भागतं. प्रोसेसर फार जलद असला की भागाकार १६ बिटांत, म्हणजे ६५५३५ च्या आत, मावत नाही. ती अडचण प्रोसेसर 'शून्याने भागाकार' म्हणून कळवतो. खऱ्या यंत्रांवर हे २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या सुमारास दिसायला लागलं. डॉसबॉक्समध्ये मॅक्स ठेवलं की आजही दिसू शकतं. सायकल्स उतरवा, प्रोग्रॅम उठून बसतो.

अडत दुकानाचा, जिनिंगचा किंवा सोसायटीचा जुना हिशोब फॉक्सप्रो २.६ या डॉसच्या डेटाबेसमध्ये पडून असेल आणि तो वर्षातून चार वेळा उघडावा लागत असेल, तर त्यासाठी डॉसबॉक्स वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो गेमसाठी बनलेला आहे. त्याच्या मूळ आवृत्तीत प्रिंटरची सोय नाही आणि फॉक्सप्रोचा मेनू उघडा राहिला की तीच विचारपूस पुन्हा सुरू होते. व्हीडॉस नावाचा त्याचा भाऊबंद खास अशा अक्षरी धंद्याच्या प्रोग्रॅमसाठी केलेला आहे. त्यात छपाई होते आणि प्रोग्रॅम नुसता कळेची वाट पाहत असेल तेव्हा प्रोसेसर सोडून दिला जातो. हिशोबाच्या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवूनच हे सगळे प्रयोग करावेत, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा संगणक मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खरा एमएस-डॉस किंवा विंडोज ९८ टाकलेलं असेल तर दुखणं तेच, पण दवा पाहुण्याच्या, म्हणजे आत चालणाऱ्या त्या जुन्या सिस्टिमच्या, आत घ्यावी लागते. तिथे सूचना थेट आपल्या प्रोसेसरवर चालतात आणि पाहुण्याने हॉल्ट म्हटलं तरच यजमान तो कोअर काढून घेऊ शकतो. डॉस हॉल्ट म्हणत नाही, विंडोज ९५ आणि ९८ सुद्धा साधारणपणे म्हणत नाहीत. एनटीच्या घराण्यातले विंडोज म्हणतात, म्हणून त्याच व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी शांत असतं आणि त्याहून लहान ९८ कोअर जाळतं. यावर उपाय त्याच काळातले आहेत. डॉससाठी डॉसआयडल नावाचा छोटा प्रोग्रॅम ऑटोएक्झेक फाइलमध्ये घालायचा. एमएस-डॉस ६ असेल तर त्याच्याबरोबर आलेला पॉवर ड्रायव्हर कॉन्फिग फाइलमधून चढवून पाहता येतो. फ्रीडॉस असेल तर एफडीएपीएमला एपीएमडॉस हा शब्द देऊन बोलवायचं. विंडोज ९८ साठी रेन किंवा एएमएनहॉल्ट. हे प्रोग्रॅम करतात ते इतकंच की पाहुणा रिकामी विचारपूस करताना दिसला की मध्येच हॉल्ट घालतात. म्हणजे खाटेजवळचा बल्ब लावून देतात. पुढचा इंटरप्ट, म्हणजे कळफलकाचा किंवा घड्याळाचा इशारा, आला की प्रोसेसर जागा होतो. घड्याळाचा ठोका सेकंदाला १८.२ वेळा येतोच, त्यामुळे कळफलकही लटकत नाही.

कमोडोर ६४ चा व्हाइस एम्युलेटर घेतला तर हिशोब उलटा होतो. १ मेगाहर्ट्झपेक्षाही थोडा कमी वेगाचा तो संगणक, युरोपीय नमुन्यात सेकंदाला ९,८५,२४८ ठोके. तरी साध्या लॅपटॉपवर तो बराच भार टाकतो, आणि तो भार बहुतांश खरा असतो. एक्स६४एससी ही त्याची अचूक आवृत्ती प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाजाची चिप अशा तिघांना पुढे सरकवते. वर डिस्कची खरी नक्कल चालू असेल तर त्या काळच्या १५४१ ड्राइव्हमध्ये स्वतःचा ६५०२ असायचा, म्हणजे आणखी एक अख्खा संगणक त्यात भरतो. त्यापाठोपाठ महाग म्हणजे आवाज. आवाजाच्या चिपची नक्कल करणारा रीसिड त्या चिपच्या अ‍ॅनालॉग गाळण्यांचंही गणित करतो. रीसॅम्पलिंगची पद्धत 'फास्ट'वर आणली की भार दिसण्याइतका उतरतो. त्याऐवजी फास्टसिड ही साधी नक्कल निवडली तर आणखी उतरतो, पण आवाजातला गाभा जातो. संगीतासाठी उघडला असेल तर फास्टसिड निवडू नये, त्यापेक्षा ड्राइव्हची नक्कल बंद करावी. काही गेमच्या डिस्क मात्र ती बंद केली की लोडच होत नाहीत. ऑल्ट आणि डब्ल्यू चुकून दाबलं गेलं तर वॉर्प, म्हणजे वेगावरचा लगाम सुटलेला मोड, लागतो, तेव्हा कोअर भरणारच. हे आधी तपासावं.

काही एम्युलेटरांत मात्र वाट पाहण्याचं काम यजमानाकडचं असतं. युरोपीय यंत्राचं एक चित्र २० मिलिसेकंदांचं. एम्युलेटरने ते पाच मिलिसेकंदांत तयार केलं तर उरलेले पंधरा झोपायला हवं. पण विंडोजचं घड्याळ मुळात १५.६ मिलिसेकंदांच्या ढांगा टाकतं. झोपलेला एम्युलेटर नेमक्या वेळी उठेल याची खात्री नसते, तो पुढच्या ढांगेला उठला की आवाज तुटतो. म्हणून काही जुने एम्युलेटर झोपतच नाहीत, उरलेला वेळ घड्याळाकडे बघत फेऱ्या मारतात. इथे पाहुण्याला दोष देऊन उपयोग नाही. ओळखायची खूण सोपी आहे. एम्युलेटर पॉझ करा. पॉझमध्येही कोअर भरलेला राहिला तर फेऱ्या यजमानाच्याच आहेत. अशा वेळी व्हीसिंक (म्हणजे पडद्याच्या लयीवर) किंवा आवाजाच्या लयीवर चालण्याचं सेटिंग असेल तर ते लावावं. आर्केड गेमच्या मेम एम्युलेटरमध्ये स्लीप हे सेटिंग चालू आहे ना बघावं. जुन्या मॅकच्या बॅसिलिस्क एम्युलेटरमध्ये आयडलवेट चालू करावं.

आणि एकाऐवजी सगळेच कोअर चढलेले दिसले तर संशय चित्रावर घ्यावा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसलेला नसेल तर ओपनजीएलचं, म्हणजे चित्र रेखाटण्याचं, सगळं काम प्रोसेसर स्वतः करतो, आणि ते काम मात्र चौघांत वाटलं जातं. ड्रायव्हर घाला, नाहीतर आउटपुट सरफेसवर आणून खिडकी लहान ठेवा.

या सगळ्यात आपल्याकडचा उन्हाळा वेगळा हिशोब मागतो. बरेच लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांपाशी आपला वेग स्वतःच कापतात. खोली २५ अंशांवर असेल तर पंख्याच्या हाती ७५ अंशांचा फरक असतो. भुसावळला बाहेर ४५ आणि आत ४३ असताना तोच फरक ५७ वर येतो. उष्णता बाहेर जाण्याचं प्रमाण या फरकावर ठरतं, म्हणजे पंखा तोच, फेरे तेच, तरी पाव भाग उष्णता कमी निघते. पुण्यात बसून लिहिलेला सल्ला खानदेशात म्हणूनच थिटा पडतो. रास्पबेरी पायला तर ८० अंशांचीच हद्द आहे. उघड्या पायवर मे महिन्यात दुपारी एम्युलेटर लावायचाच तर धातूचं खोकं किंवा पंखा हवाच.

शिवाय कापूस. धरणगाव, जामनेर, चोपडा या बाजूला जिनिंगचा हंगाम चालू असताना हवेत तंतू असतात आणि ते पंख्यातून शिरून हीटसिंकच्या पात्यांवर जाऊन बसतात. साधी धूळ फुंकरीने उडते. कापसाचे तंतू उडत नाहीत. ते पात्यांच्या तोंडाशी एकमेकांत अडकून नमद्यासारखा पट्टा तयार करतात, बोटभर लांब, करडा, चिमट्यात धरला तर अखंड निघून येतो. बाहेरून ब्लोअर मारला की तो आणखी आत दबतो. तळ उघडून पंखा सोडवून तो पट्टा आतल्या बाजूने चिमट्याने ओढून काढावा लागतो. नंतर ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर बेअरिंग जातं. उघडलंच आहे तर जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावावी आणि हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांनी आळीपाळीने आवळावेत. हंगाम संपला की, फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे काम करून घेतलं तर उन्हाळा निभावतो. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नये. त्यातले बारीक थेंब आपल्या जड पाण्याचे क्षार घेऊन येतात आणि ते बोर्डावर पांढरे राहतात.

लाईट गेली आणि बॅटरीवर किंवा इन्व्हर्टरवर काम चालू असेल तर प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे भार आला की वेग वर चढवणं, बंद करणं हा चांगला उपाय आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की कोअर आपल्या मूळ वेगाच्या वर चढत नाही. एक टक्का उतरवल्यासारखं दिसतं, पण धग बरीच उतरते. डॉसबॉक्स आणि व्हाइसला याने काही फरक पडत नाही.

८६बॉक्स या एम्युलेटरला मात्र पडतो. तो सगळ्यात जास्त राबणारा, कारण पूर्ण जुना पीसी, त्याच्या खऱ्या बायोससकट आणि व्हिडिओ कार्डासकट, तो ठोक्याठोक्याने जगवतो. पाहुणा हॉल्टमध्ये गेला तरी त्याला घड्याळ पुढे न्यावंच लागतं. तिथे कोअर भरला तर ते त्याचं खरं काम आहे. त्याच्या शीर्षकात टक्के दिसतात. १०० असतील तर सगळं ठीक. ८०-९० वर लोंबकळत असेल आणि आवाज तुटत असेल तर पेंटियम काढून ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ लावावा, डायनॅमिक रिकंपायलर चालू आहे का पाहावं. मे महिन्यात त्याच्यासाठी सकाळची सहा ते नऊ ही वेळ ठेवावी, टर्बो चालू, लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन वह्या घालून तळ उचललेला. दहाच्या सुमाराला आकडा १०० वरून ९४, मग ८८ असा उतरू लागला तर सेटिंग शोधत बसू नका. खोली तापली आहे. फाइल सेव्ह करा, पाहुणा विंडोज नीट शटडाउन करा आणि संध्याकाळी पुन्हा उघडा.